एका उन्हाळ्याचं छप्पर

आमच्या मागच्या अंगणावर यंदा छप्पर घालायचं ठरलं आणि बाबू वेल्डर मापं घ्यायला आला. टेप गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "कायमचा करूचा काय तात्पुरता?" साधा प्रश्न. असे प्रश्न तो रोज कुणाला ना कुणाला विचारत असेल. पण माझी नजर शेजारच्या गडग्याकडे, दगडी कुंपणाकडे गेली. बाबूच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यानेही गडग्यापलीकडे पाहिलं. गडग्यापलीकडे सारंगकाकांचं घर आहे. ते आता बंद असतं. त्यांच्या मागीलदारी चार खांब आणि वर आडव्या नळ्या असा एक सांगाडा उभा आहे. त्याच्यावर पत्रा नाही, कौल नाही, काहीच नाही. तो सांगाडा बाबूनेच उभा केलेला.

सारंगकाकांचं खरं नाव दत्ताराम. पण वाडीत येऊन दत्तारामाचं घर विचारलंत तर लोक तुम्हालाच दोन उलटे प्रश्न विचारतील. जहाजावर डेकच्या खलाशांचा जो मुकादम असतो त्याला सारंग म्हणतात. काका मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. तारकर्लीच्या वाटेवर आमची वाडी. पुढच्या दारी रस्ता, मागच्या दारी माड आणि माडांच्या पलीकडे खाडी. निवृत्त झाल्यावर काका इथे आले ते पुन्हा कुठे गेले नाहीत.

इतकं जग फिरलेला माणूस म्हणून सुरुवातीला लोक त्यांच्याकडे गोष्टी ऐकायला बसायचे. बिचारे निराश होऊन उठायचे. काकांपुढे कुठल्याही देशाचं नाव काढा, ते तिथल्या बंदरातली हवा लोखंड किती लवकर खाते तेवढं सांगत. "सगळो जल्म गंज खरवडण्यात गेलो," असं ते म्हणायचे आणि ते खरंच होतं. जहाजाच्या एका टोकापासून गंज ठोकत, खरवडत, रंग लावत दुसऱ्या टोकाला पोचायचं, तोवर पहिलं टोक पुन्हा गंजलेलं. त्या कामाची एक छोटी हातोडी असते. एका अंगाला उभी धार, दुसऱ्या अंगाला आडवी. निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात, काकांनी ती हातोडी आणली. अर्ध्या चड्डीच्या मागच्या खिशात ती कायम असायची, आणि दिसेल ते लोखंड ते ठोकून बघायचे. डोकं एका बाजूला कलतं करून, डॉक्टर छाती ऐकतो तसं.

आमच्या नव्या गेटवर त्यांनी असेच तीन ठोके दिले होते. मी कौतुकाची वाट बघत उभी. काका म्हणाले, "हो दोन पावसांचो सोबती." "अवो काका, कालच रंग लावलो," मी म्हटलं. "रंग काय बगतस गो? रंग म्हणजे झाकणा. आत काय आसा ता बग." शेजारच्या वाडीतल्या एकाने नवी स्कूटर आणली, हार घातला, नारळ फोडला, आणि बायकोला मागे बसवून तो निघणार एवढ्यात काकांनी वाकून तिच्या पत्र्यावर हातोडी वाजवली. त्या माणसाने पुढे वर्षभर काकांशी अबोला धरला. पण काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा प्रश्न कुठल्याही वस्तूला एकच असायचा, "किती टिकात?" आणि उत्तर पटलं नाही की ते वस्तू जिथल्या तिथे ठेवून चालू लागायचे.

सुनंदाकाकी म्हणजे त्यांची बायको. ती या सगळ्याला हसायची. काका जहाजावर असायचे ती सगळी वर्षं तिने मागीलदारी काढली, असं म्हटलं तरी चालेल. विहीर तिथे, पाण्याची चूल तिथे, मासे साफ करायचा दगड तिथे. सकाळी उन्हं वर आली की खाडीकडच्या पायवाटेने मासेवाली यायची, आजूबाजूच्या बायका यायच्या, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत काकीचं मागीलदार म्हणजे आमच्या वाडीचं कचेरीचं ठिकाण असायचं. डोक्यावर मोठा फणस होता. त्याच्या सावलीत बसून काकी झाप विणायची. माडाची झावळी उभी चिरायची, पाण्यात भिजत घालायची आणि मग पातीत पात घालून विणायची, की झापाचं छप्पर तयार. दिवाळीनंतर घराघरापुढे जो माटव, म्हणजे मांडव, उभा राहतो, त्याला अर्ध्या वाडीचे झाप काकीच्या हातचे असायचे.

मग ते मोठं वादळ आलं आणि फणस मुळापासून उपटून आडवा झाला. मागीलदार एकदम उघडं पडलं. आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात काकीच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू पूर्ण गेली. जीभ मात्र शाबूत राहिली. इस्पितळातून घरी आणल्यावर ती काकांना म्हणाली, "डावो हात गेलो. जीभ गेली असती तर तुमका बरा पडला असता."

काकांनी तिचं सगळं केलं, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं वाचून कोणी त्यांच्याबद्दल भलतंच मत करून घेईल. मुलगी लग्न होऊन विरारला. ती यायची, चार दिवस राहायची आणि रडत परत जायची. बाकी सगळं काकाच. तिच्या बिछान्याची चादर ते जहाजावरच्या बंकासारखी ताणून बसवायचे, एक सुरकुती दिसायची नाही. तिची वेणी घालायचे, ती मात्र अशी काही घालायचे की काकी आरसा मागून घेऊन हसत सुटायची. पेज करायला शिकले. तिला कुशीवर वळवायला शिकले. पण खोली अंधारी. मधल्या घरात खाट, आणि खाटेवरून मागच्या दाराची फक्त एक उभी पट्टी दिसायची.

"हय पडान पडान माका माझोच वास येता गो," काकी मला म्हणाली. मी कणकवलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. जाण्यायेण्यात दिवस जातो, पण सुट्टीच्या दिवशी मी तिच्यापाशी बसायची. तिला एकच हवं होतं. सकाळी चूल पेटल्यापासून जेवणापर्यंत मागीलदारी राहायचं. मासेवालीशी घासाघीस करायची, कोण कुठे चाललं ते बघायचं. पुढच्या पडवीत ठेवूया म्हटलं तर ती संतापली. पुढे रस्ता, रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या. "माका काय जत्रेत मांडतंस?" मागच्या बाजूला ऊन. मी एक मोठी छत्री आणून दिली, लॉजवाले वाळूत रोवतात तसली. पहिल्याच वाऱ्याने ती खाडीत नेली. छप्पर घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. डॉक्टरही म्हणाले, बाहेर काढा, उजेड लागू दे, छातीत कफ धरतोय.

"घालूया," काका म्हणाले. "पण घालूचा तर कायमचा."

आणि तिथून ते सुरू झालं.

आमच्याकडे आता घरटी लॉज. प्रत्येक लॉजच्या मागे जेवणासाठी शेड, आणि प्रत्येक शेडवर वेगळं काहीतरी. काकांना त्यामुळे आयतंच प्रदर्शन मिळालं. ते भर दुपारी एकेका शेडखाली जाऊन बसू लागले. एक सोलकढी मागवायची आणि ती संपेपर्यंत वर बघत राहायचं. साधा पत्रा तापतो, खाली भट्टी होते, आणि खाऱ्या वाऱ्यात त्याची चाळण व्हायला वेळ लागत नाही. सिमेंटचा पत्रा थोडा थंड, पण माडाखाली घातला तर एक नारळ पडला की भोक; शिवाय त्याचा भुसा छातीला वाईट असं कोणीतरी सांगितलं. मंगलोरी कौलं काकांना मनापासून आवडायची. पण कौलांना भक्कम लाकूड हवं, लाकडाला वाळवी, आणि वर माकडं. माकडांनी एका लॉजची कौलं कशी नाचून फोडली ते काकांनी स्वतः उभं राहून पाहिलं होतं. हिरवी जाळी त्यांनी हात लावून सोडून दिली, उन्हाने पिठासारखी होते म्हणाले. लॉजवाले वैतागले. एकाने तर विचारलंच, "काका, जेवणार काय फक्त छपार बगणार?"

एका शनिवारी ते माझ्याबरोबर कणकवलीला आले. माझं अर्ध्या दिवसाचं काम झाल्यावर आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार शुद्ध मराठीत बोलत होता. रंगीत पत्रा काढून दाखवत म्हणाला, "काका, एकदा टाका आणि विसरून जा." काकांनी खिशातून हातोडी काढली. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. "किती टिकात?" "दहा वर्षं तरी बघायला नको." "मगे?" "मगे म्हणजे?" "दहा वर्सां झाली, मगे काय?" दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं. शेवटी काकांनी प्रत्येक जातीचा हातभर तुकडा मागून घेतला आणि आम्ही ते सगळं गाठोडं मांडीवर घेऊन एसटीने परत आलो.

दुसऱ्या दिवशी गडग्यावर रांगेने ते तुकडे मांडलेले दिसले. काका रोज सकाळी खाडीचं पाणी आणून त्यांच्यावर ओतत. दुपारी ऊन, रात्री दव, सकाळी पुन्हा खारं पाणी. काकीला खाटेवरून दाराच्या पट्टीत त्यातले दोनतीन तुकडे दिसायचे. "ही परीक्षा पत्र्यांची चल्ली हा काय माझी?" तिने मला विचारलं. मी हसले. घरी आल्यावर मात्र मला त्याचं हसू आलं नाही. तोवर दिवाळी होऊन गेली होती, थंडी होऊन गेली होती, आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या, आणि काकी होती तिथेच होती. तिच्या पाठीला जखम व्हायला लागली होती.

मग काकांना फायबरचा पत्रा पसंत पडला. गंज नाही, वजन नाही. एका लॉजवाल्याकडून त्यांनी एक अख्खा हिरवा पत्रा उचलून आणला, आणि काकीलाच दाखवूया म्हणून चाकाच्या खुर्चीतून तिला मागच्या दारापर्यंत आणलं. कितीतरी महिन्यांनी ती बाहेर आली होती. डोळे बारीक करून बघत होती, हसत होती, कोंबड्या कुणाच्या आणि विहिरीवर दोर नवा कधी आणला ते विचारत होती. काकांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही तो पत्रा तिच्या डोक्यावर धरला.

त्यातून जो उजेड आला तो हिरवा होता. काकीचा चेहरा, हात, पांढरे केस, सगळं शेवाळी झालं. ती अजून हसतच होती. काकांनी आपलं टोक एकदम मागे ओढलं. "काढ," ते म्हणाले. मला समजेना. "काढ म्हणतंय ना!" ते ओरडले आणि त्यांनी तो पत्रा माडाच्या बुंध्याकडे भिरकावून दिला. "काय झाला?" काकी म्हणाली. "काय नाय. उजेड बरो नाय," असं म्हणून त्यांनी तिला परत आत नेलं.

थोड्या वेळाने ते विहिरीच्या कठड्यावर येऊन बसले. त्या एकाच दिवशी त्यांनी मला जहाजावरची एक गोष्ट सांगितली, ना आधी ना नंतर. टाकीत उतरायची लोखंडी शिडी होती. काकांच्या पुढे एकजण उतरत होता, देवगडकडचा, यांचा दोस्त. शिडीची एक पायरी तुटली. "वरसून रंग नवो होतो गो. चकचकीत. ठोकून बगतलंव म्हणान मी सांगलेलंय. तेव्हाचो सारंग म्हणालो, ह्या बंदरात नको, फुडच्या बंदरात ठोकूया." त्याला वर काढून आणला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग असाच हिरवट होता, ते म्हणाले. हातोडी खिशात तेव्हापासूनची. मला त्या दिवशी त्यांचं सगळं ठोकणं कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता, कारण आत ती बाई बाहेर यायची वाट बघत पडली होती.

त्यानंतर काकांनी कोल्हापूरचा एक पत्रेवाला गाठला, तो पंचवीस वर्षांची हमी लिहून द्यायला तयार होता. काकीनेच मग विषय काढला. मी तिला पेज भरवत होते, काका दारात उभे होते. ती म्हणाली, "अवो, झाप घाला. चार बांबू आणि वर झाप, बेगीन होतला. सकाळी हात लावलात तर जेवणापर्यंत मी सावळेत."

"झाप?" काका म्हणाले. "येक पाऊस लागलो काय कुसान जातले. मगे परत फुडल्या वर्सा? दरवर्सा? आता इणतलो कोण?"

"फुडल्या वर्साचा कोणी सांगल्यान?" काकी शांतपणे म्हणाली. "माका येक उन्हाळो होयो. येकच. तुमी पंचवीस वर्सांचा काय घेवन बसलात?"

मी चमचा वाटीत ठेवला. काकांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहायची माझी इच्छा नाही. "अभद्र बोलां नको हां!" ते कसेबसे बोलले आणि मागच्या दाराने निघून गेले. संध्याकाळ झाली तरी आले नाहीत. मी शोधत गेले तर खाडीकाठी होड्या ओढून ठेवतात तिथे बसले होते. मी म्हटलं, "काका, काकी म्हणता ता करा. झापच घाला." त्यांनी मान हलवली. "झाप घालूचे म्हणजे ती म्हणता ता खरा मानूचा," ते म्हणाले. "तो कोल्हापूरवालो पंचवीस वर्सां लिवन देता. ती तेवडी रवतली. तिका तेवडा रवाक होया."

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. इतका व्यवहारी माणूस, लोखंडाला फसला नाही, रंगाला फसला नाही, आणि इथे डोळ्यांवर कातडं ओढून बसला. पण त्याच क्षणी त्यांची इतकी कीव आली की मी त्यांना हाताला धरून उठवलं. आम्ही अंधार पडायच्या आत परत आलो.

कोल्हापूरहून अल्युमिनियमचे पत्रे आले. जाड, पांढरे, आतून फोम भरलेले, म्हणजे ऊनही लागू नये. बाबू वेल्डरने स्टीलचे खांब रोवले, नळ्या जोडल्या. ठिणग्या उडत होत्या आणि काकी दाराच्या पट्टीतून बघत होती. "माझी दिवाळी," म्हणाली. पत्रे चढवायचा दिवस ठरला. तिने मला आदल्या दिवशी सांगून तिची निळी साडी काढून ठेवायला लावली. मासेवालीला निरोप गेला की उद्या बांगडे घेऊन थेट इकडेच ये.

सकाळी बाबूने स्क्रूंची पिशवी उघडली. काकांनी एक स्क्रू उचलला, विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि हातोडीने ठोकला. वरचा मुलामा टवका होऊन उडाला. आत साधं लोखंड.

"पत्रो पंचवीस वर्सांचो आणि स्क्रू दोन वर्सांचो?"

बाबू समजावून थकला. "काका, आता लावतंय, मागसून बदलूया." हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. काकांचा चेहरा दगडासारखा झाला. "मागसून नाय," ते म्हणाले. "आज नको, फुडच्या बंदरात, ह्यां माका सांगा नको." बाबूला ते बंदर कुठलं ते कळलं नाही. मला कळलं. स्टीलचे स्क्रू मागवायचं ठरलं, ते कोल्हापूरहून येणार होते. बाबू सामान आवरून गेला. मी निळी साडी घडी करून परत कपाटात ठेवली. काकी भिंतीकडे तोंड करून पडून होती. मासेवाली मागच्या दाराशी येऊन बांगडे दाखवत उभी राहिली आणि काकीने तिच्याकडे बघितलंही नाही.

त्या आठवड्यातच तिला ताप भरला. छातीत कफ होताच. इस्पितळात नेऊया म्हटलं तर ती नाही म्हणाली, आणि डॉक्टर घरी येऊन गेले तेव्हा त्यांनीही आग्रह धरला नाही. मे महिना लागता लागता एका सकाळी, काका तिची वेणी घालत असताना ती गेली. वेणी अर्धी राहिली होती. त्यांनी ती पुरी घातली आणि मग आम्हाला हाक मारली.

मुलीला विरारहून यायचं होतं. ती मिळेल ती गाडी पकडून कणकवलीला उतरणार आणि तिथून येणार, म्हणजे दिवस कलणार. काकीला पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आणून ठेवायचं होतं, लोक यायला लागले होते आणि खळ्यात रणरणतं ऊन होतं. आमच्या वाडीत मयताचा माटव कुणी सांगून घालत नाही. कुणीतरी बांबू आणले. कुणी कोयता. आणि मग घराघरातून माणसं डोक्यावर झाप घेऊन येताना दिसली. ज्याच्या माटवावर जे होते ते त्याने सोडून आणले. लॉजवाल्यांनी आणले, हार घातलेल्या स्कूटरवाल्यानेही आणले. त्यांतले कितीतरी काकीकडून शिकलेल्या हातांनी विणलेले, तिच्याच विणीचे. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बांबू उभे राहिले, आडवे बांधले गेले, वर झाप पडत गेले. चहाचं आधण उकळायला जेवढा वेळ लागावा, जवळजवळ तेवढ्यात खळ्यात दाट, गार सावली झाली. काकीला त्या सावलीत ठेवलं. तिने निळी साडी नेसली होती. ती मी नेसवली.

काका पडवीच्या पायरीवर उभे होते. ते वर बघत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी ते छप्पर नजरेने चाचपलं. मग माझ्याकडे वळले आणि लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "येवड्या बेगीन होता ह्यां?"

मी त्यांचा हात धरला. आजूबाजूच्या पुरुषांनी माना खाली घातल्या.

मयताच्या माटवाचे झाप आमच्याकडे कुणी परत नेत नाही. दिवस झाले की ते खाडीकाठी नेऊन जाळतात. बारावं झालं, मुलगी गेली, आणि वाडीतली माणसं झाप उतरवायला आली, तेव्हा काकांनी त्यांना हात लावू दिला नाही. "हे तिचे," एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी गडग्यावरून बघते तर ते झाप मागीलदारी त्या स्टीलच्या सांगाड्यावर चढलेले. काकांनी एकट्याने चढवले होते, सुंभाने बांधले होते. वाडीत फार बोललं गेलं. मयताचे झाप घरावर घालतात का, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं सगळं. त्याच दिवसांत बाबू स्टीलचे स्क्रू घेऊन आला. काकांनी त्याला चहा दिला आणि पत्रे, स्क्रू सगळं त्याच्याच टेम्पोत भरून दिलं. ते पत्रे बाबूने स्वतःच्या वर्कशॉपवर घातले. अजून टाचणीएवढा डाग नाही, तो परवाच सांगत होता.

मी काकांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या मे महिन्यात. त्यानंतर पावसात ते आजारी पडले, मुलगी त्यांना विरारला घेऊन गेली आणि गणपतीच्या आधी ते तिथेच वारले. झाप पावसात कुजून खाली पडले. मी सांगते आहे ती मे महिन्यातली सकाळ रविवारची होती. मी एका ताटलीत घावणे घेऊन गडग्याच्या फटीतून त्यांच्या मागीलदारी गेले. काकीची खाट त्यांनी झापांखाली आणून ठेवली होती. चादर ताणून बसवलेली, एक सुरकुती नाही. स्वतः ते खाली जमिनीवर, खाटेला टेकून बसले होते. झापांतून उन्हाचे ठिपके पडत होते, काही त्यांच्या अंगावर, काही रिकाम्या चादरीवर. खाडीवरून वारा येत होता. पायवाटेवर मासेवाली दिसली. तिने टोपली खाली ठेवली, खाटेकडे बघितलं, टोपली उचलली आणि गेली.

मी घावणे ठेवले. परत वळताना विहिरीच्या खुंटीला ती हातोडी टांगलेली दिसली. उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात. तिच्या दोन्ही धारा तांबड्या झाल्या होत्या.

"काका," मी म्हटलं, "हातोडेक गंज चढता हा."

त्यांनी तिकडे वळूनही बघितलं नाही. चादरीवरचा एक ठिपका सरकत उशीकडे चालला होता, ते त्याच्याकडे बघत होते.

"चढांदे," ते म्हणाले.